चाकांवरच्या घराचे माप शोधणारे वॉली बायम

चार माणसांचे कुटुंब, हाताशी पंधरा दिवसांची सुट्टी आणि मुक्कामाला हॉटेलऐवजी स्वतःचेच फिरते घर. ही कल्पना ऐकायला जितकी रम्य, तितकीच व्यवहारात उतरवताना अडचणीची. घर मोठे घेतले तर ते अरुंद पुलावर आणि घाटाच्या वळणावर अडते, इंधन खाते आणि मुक्कामाच्या जागी मागे घेताना चालकाला घाम फोडते. लहान घेतले तर पहिल्याच पावसाळी दिवशी घरातील माणसे एकमेकांच्या पायांत येऊ लागतात. नेमके किती फुटांचे घर पुरे, या प्रश्नाभोवती ज्यांचे जवळजवळ सारे आयुष्य फिरले, ते अमेरिकी उद्योजक म्हणजे वॉलेस ऊर्फ वॉली बायम. चकचकीत ॲल्युमिनियमच्या, कडा गोलाकार असलेल्या ‘एअरस्ट्रीम’ या फिरत्या घराचे ते जनक. इंजिन असलेले मोटरहोम त्यांच्या हयातीत त्यांच्या कंपनीने बाजारात आणले नाही. त्यांची घरे मोटारीमागे जोडून ओढायची होती. पण आज मोटरहोम विकत किंवा भाड्याने घेणाऱ्या कुटुंबासमोर जे हिशेब असतात, ते सगळे बायम यांनी आधी मांडून ठेवले होते, आणि तेही बहुतेक वेळा रस्त्यावर ठेच खाऊन.

बायम यांचा जन्म ४ जुलै १८९६ रोजी ओरेगॉन राज्यातील बेकर सिटी येथे झाला. आईवडील लवकरच विभक्त झाले. त्यांचे आजोबा खेचरांचे तांडे चालवीत आणि नातवाला त्या प्रवासाची चटक तिथेच लागली. पोरवयात बायम यांनी मेंढ्या राखण्याचे काम केले. त्या दिवसांत त्यांचा संसार एका दुचाकी छकड्यात होता. छकडा ओढायला गाढव, आत रॉकेलचा स्टोव्ह, शिधा, पाणी, धुण्याची बादली आणि झोपायची पिशवी. एकट्या माणसाला जगायला किती जागा आणि किती सामान लागते, याचा पहिला धडा तो होता. शिक्षणाच्या मधल्या काळात त्यांनी व्यापारी जहाजांवर नोकरी केली. जहाजावरची झोपायची जागा म्हणजे फळीवजा बिछाना आणि त्याखालचा कप्पा. त्यांच्या पुढच्या घरांतील रचना पाहिली, की मेंढपाळाचा छकडा आणि जहाजाची खोली या दोन्हींची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकून ते लॉस एंजेलिसला आले. जाहिरातींचा मजकूर लिहिणे, नियतकालिके काढणे असा व्यवसाय त्यांनी पत्करला. त्यांच्या एका नियतकालिकात घरच्या घरी ट्रेलर कसा बांधावा याचे आराखडे छापले गेले. वाचकांनी ते करून पाहिले आणि तक्रारींची पत्रे धाडली. आराखड्याप्रमाणे बांधलेला ट्रेलर नीट होत नव्हता. बायम यांनी स्वतः तो बांधून पाहिला आणि वाचकांचे म्हणणे त्यांना पटले. संपादकाने छापलेल्या मजकुराची अशी परीक्षा घ्यावी हे तेव्हाही विरळच होते.

मग त्यांनी स्वतःचा प्रयोग सुरू केला. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीच्या सांगाड्यावर एक फलाट बसवला आणि त्यावर तंबू उभारण्याची सोय केली. घडी घातलेला असताना तो ओढायला हलका होता, त्याची किंमतही फार नव्हती. परंतु दर मुक्कामी तो उभा करण्यात वेळ जाई आणि पाऊस आला की सारी मौज ओली होई. त्याहून मोठी अडचण होती ती पत्नी मेरियन यांची. स्वयंपाकघराशिवाय त्या मुक्कामी प्रवासाला यायला तयार नव्हत्या. हा प्रसंग कंपनीच्या इतिहासात थोड्या गमतीने सांगितला जातो. पण त्यातली गोष्ट गमतीची नाही. एकट्या मेंढपाळाला पुरणारे माप कुटुंबाला पुरत नाही, हे त्या नकाराने ठरवले. सुट्टीत सगळे विश्रांती घेणार आणि एकीने चुलीजवळ धुरात, चिखलात वाकून स्वयंपाक करायचा, ही वाटणी मेरियन यांना मान्य नव्हती. कुटुंबासाठी घर निवडताना प्रथम विचारायचा प्रश्न किती जण झोपणार हा नसून स्वयंपाक कोण आणि कुठे उभे राहून करणार हा आहे.

बायम यांनी तंबू काढला. अश्रूच्या थेंबासारख्या आकाराचे, कायम छप्पर असलेले छोटे घर त्या फलाटावर आले. त्यात बर्फपेटी आणि रॉकेलचा स्टोव्ह होता. रस्त्यात लोक थांबून चौकशी करू लागले. या ट्रेलरची कृती सांगणारा लेख प्रसिद्ध झाला आणि आराखड्यांना मागणी येऊ लागली. ते विकता विकता काहींनी तयार ट्रेलरच मागितला, तेव्हा घरामागच्या अंगणात बांधणी सुरू झाली. १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटी येथे छोटा कारखाना उभा राहिला. महामंदीच्या ऐन कडाक्यात चैनीची वस्तू बनवण्याचा हा उद्योग वेडेपणाचा वाटण्याजोगा होता. मात्र हॉटेलचा खर्च वाचवणारे घर ही मंदीत नुसती चैन राहत नाही.

या काळात बायम यांनी केलेला एक बदल आज इतका गृहीत धरला जातो, की तो कोणी केला असेल असे मनातही येत नाही. सुरुवातीच्या ट्रेलरांत माणसाला ताठ उभे राहता येत नसे. कपडे बदलायचे तर वाकून, भाजी परतायची तर वाकून. छप्पर उंच केले की वाऱ्याचा रेटा वाढतो आणि गाडी वळणावर झुलते. बायम यांनी छप्पर वर नेलेच, पण त्याबरोबर जमीन खाली आणली. आसाच्या वर सपाट फळ्या ठोकण्याऐवजी चाकांच्या मधला भाग खोलगट केला. बाहेरून घर फारसे उंच दिसत नव्हते, आत मात्र माणूस सरळ उभा राहू शकत होता. घराची लांबी जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापली जाते, उंचीकडे खरेदीदाराचे लक्ष जात नाही. तीन दिवस वाकून वावरल्यावर मात्र पाठ ते लक्ष वेधून घेते.

१९३० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत ट्रेलरची लाट आली. डेट्रॉइट परिसरातील आर्थर शर्मन यांनी पावसात गळणाऱ्या तंबूला कंटाळून पेटीसारखा ट्रेलर बनवला होता आणि त्यांची ‘कव्हर्ड वॅगन’ ही कंपनी या धंद्यात अग्रेसर झाली होती. अर्थभाष्यकार रॉजर बॅबसन यांनी तर वीस वर्षांत निम्मी अमेरिका चाकांवर राहू लागेल असे भाकीत केले. ते खरे ठरले नाही. शेकडो कारखाने निघाले आणि बहुतेक काही वर्षांतच बुडाले. ग्लायडर विमानांचे आरेखनकार हॉली बोलस यांनी विमानाच्या अंगासारखा, रिव्हेटने जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा अत्यंत देखणा ट्रेलर बनवला होता. त्याचे दार मात्र पुढे, जोडदांडीच्या वर होते. धंदा चालला नाही. बायम बोलस यांच्या ट्रेलरच्या विक्रीशी संबंधित होते. त्यांनी तीच कल्पना पुढे नेली, दार बाजूला आणले आणि १९३६ मध्ये ‘क्लिपर’ हा ट्रेलर बाजारात आणला. किंमत १,२०० डॉलर, म्हणजे तेव्हा खासगी मोटारीहून महाग. तरीही मागणी पुरी करणे कारखान्याला जड जात होते.

क्लिपरमध्ये चार जणांची झोपण्याची सोय होती. जेवणाच्या टेबलाची जागा रात्री बिछाना होई. स्वतःचा पाण्याचा साठा होता, विजेचे दिवे होते. एकाच जागेने दिवसातून दोनदा काम करावे, ही युक्ती आपल्याकडच्या चाळीतील दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या कोणालाही नवी वाटू नये. तिची किंमत मात्र ठाऊक असावी लागते. टेबलाचा पलंग करायचा तर सगळ्यांचे जेवण एकाच वेळी आटोपले पाहिजे, आणि लहान मूल आठला झोपणार असेल तर मोठ्यांना बसायला दुसरी जागा हवी. म्हणून माहितीपत्रकात चार झोपतात असे लिहिलेले असले तरी चार जण जागे असताना कुठे बसतात, हे खरेदीदाराने स्वतः आत बसून पाहायचे असते.

दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांसाठी राखले गेले आणि कारखाना बंद झाला. बायम विमान उद्योगात कामाला लागले. युद्ध संपल्यावर त्यांनी पुन्हा ट्रेलर बांधायला घेतले. १९४७ मध्ये घेतलेले एक छायाचित्र पुढे कंपनीची ओळखच झाले. फ्रेंच सायकलपटू आल्फ्रेड लतुर्नर सायकलवरून एक संपूर्ण ट्रेलर ओढत असल्याचे ते दृश्य. जाहिरातीची क्लृप्ती होतीच, बायम मूळचे जाहिरातवाले होते. पण तिच्यातला मुद्दा खोटा नव्हता. फिरत्या घराचे खरे माप फुटांत नसते, ते वजनात असते. घराची लांबी थोडी वाढली की पत्रा, जमीन, कपाटे, त्यात भरले जाणारे सामान असे सारेच वाढते. एक लिटर पाणी एक किलोचे. शंभर लिटरची टाकी भरली की आणखी एक क्विंटल वजन घाट चढायचे असते, आणि उतरताना ब्रेकने ते धरायचे असते.

युद्धानंतर अमेरिकेत घरांची तीव्र टंचाई होती. हजारो कुटुंबे ट्रेलरमध्ये कायमची राहू लागली आणि बहुतेक उत्पादक त्या ग्राहकाकडे वळले. रस्त्यावर वाहनाची रुंदी साधारण आठ फुटांपर्यंत मर्यादित होती. १९५४ च्या सुमारास विस्कॉन्सिनमधील एल्मर फ्रे यांनी दहा फूट रुंदीचे घर आणले. ते खास परवान्यानेच रस्त्यावरून हलवता येई आणि एकदा ठेवले की बहुधा तिथेच राही. त्यातून ‘मोबाइल होम’ हा उद्योग जन्मला, ज्याच्या नावात फिरणे उरले आणि वागण्यात नाही. बायम त्या वाटेने गेले नाहीत. त्यांची घरे आठ फुटांच्या आतच राहिली. या निर्णयाचा मोह टाळणे सोपे नसणार, कारण मोठा बाजार दुसऱ्या बाजूला होता. १९५२ मध्ये त्यांनी ओहायोतील जॅक्सन सेंटर येथे दुसरा कारखाना काढला, तोही प्रवासाच्या ट्रेलरसाठीच.

आपण बांधतो ते घर खरोखर प्रवासाचे आहे काय, याची परीक्षा त्यांनी जाहीरपणे दिली. १९५१ च्या अखेरीस ६३ ट्रेलरांचा तांडा त्यांच्या नेतृत्वाखाली मेक्सिकोमार्गे मध्य अमेरिकेकडे निघाला. त्यांत निवृत्त जोडपी होती, मुले घेऊन आलेली कुटुंबे होती. पॅन-अमेरिकन महामार्ग तेव्हा पूर्ण झालेला नव्हता. डांबर संपले की दगड, दगड संपले की चिखल. ट्रेलर खिळखिळे झाले, मोटारी थकल्या, माणसांची मने विटली. अखेरपर्यंत पोहोचले अवघे १४. ज्यांनी आयुष्याची शिल्लक घालून हे घर घेतले होते, त्यांच्या डोळ्यांदेखत ते मोडत होते आणि घर बांधणारा समोर उभा होता. असला प्रवास पुन्हा नाही, असे बायम यांनी तेव्हा ठरवले म्हणतात. काही महिन्यांतच ते पुढच्या प्रवासाची आखणी करीत होते. मध्य अमेरिकेतील मोडतोड मात्र कारखान्यात परत आली आणि पुढच्या ट्रेलरांची बांधणी तिच्यावरून सुधारली गेली. अशी सहल हा विक्रीचा मार्गही होता हे उघड आहे, परंतु विक्रेता स्वतः आपल्या मालात राहून तो मोडताना पाहतो, ही गोष्ट कोणत्याही धंद्यात रोज घडणारी नाही.

१९५५ मध्ये कॅनडातील नोव्हा स्कॉशिया येथे त्यांच्या नावाचा प्रवासी क्लब स्थापन झाला, १९५६ मध्ये तांडा युरोपात गेला. १९५७ मध्ये आलेल्या ‘इंटरनॅशनल’ या मॉडेलमध्ये बाहेरील वीज किंवा नळजोडणी नसतानाही मुक्काम करता येण्याची सोय होती. सोय वाढली की टाक्या वाढतात आणि टाक्या वाढल्या की वजन. म्हणूनच एकच आदर्श माप सांगण्याऐवजी कंपनीने मापांची ओळच उभी केली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिची घरे १६ फुटांपासून ३० फुटांपर्यंत होती. २२ फुटांचे ‘कॅरव्हॅनर’, २६ फुटांचे ‘ओव्हरलँडर’, ३० फुटांचे ‘सॉव्हरीन’. दोघांना पुढचे सहा महिने रस्त्यावर काढायचे असतील तर त्यांना चौघांच्या आठवड्याच्या सहलीपेक्षा मोठे घर लागू शकते. माणसांच्या संख्येइतकाच दिवसांचा हिशेब महत्त्वाचा असतो आणि खरेदी करताना तोच बहुधा विसरला जातो.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले, तेव्हापासून आपल्याकडेही ही वाहने थोडीफार परिचयाची झाली आहेत. इथे लांबीचा निर्णय अमेरिकी माहितीपत्रक वाचून करण्यात अर्थ नाही. कोकणात उतरणारा घाट, गावातील बाजाराचा रस्ता आणि समुद्रकिनाऱ्याकडे जाणारी माडांच्या कुंपणामधली वाट यांतून जे वळेल, तेच माप. शिवाय मोटरहोममध्ये इंजिन आणि घर एकत्र असल्याने दूध आणायचे झाले तरी सगळे घर घेऊन जावे लागते. बायम यांच्या ट्रेलरमध्ये घर झाडाखाली सोडून मोटार मोकळी होत असे. घरच अंगावर वागवायचे असेल, तर ते एक माप लहान असलेले बरे.

बायम यांचा सर्वांत धाडसी प्रवास आफ्रिकेचा. १९५९ मध्ये ४१ ट्रेलर आणि १०६ माणसे दक्षिणेच्या केपटाउनहून उत्तरेच्या कैरोकडे निघाली. अंतर बारा हजार मैलांहून अधिक होते आणि त्याला सात महिन्यांहून जास्त काळ लागला. बायम यांचा स्वतःचा ट्रेलर सोनेरी रंगाचा होता. दिखाव्याची हौस त्यांना होती, हे नाकारण्याचे कारण नाही. केनियाच्या उत्तरेकडून इथिओपियात जाताना रस्ता म्हणावा असे फार थोडे होते. गाड्या दलदलीत रुतत, ओढून काढाव्या लागत. इथिओपियाचे सम्राट हेले सेलासी यांनी तांड्याचे स्वागत केले. इजिप्तमध्ये गीझाच्या पिरॅमिडांजवळ ट्रेलर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मांडून घेतलेली छायाचित्रे जगभर गेली. बायम यांचे वय तेव्हा साठी ओलांडलेले होते.

आफ्रिकेहून परतल्यावर १९६१ मध्ये कंपनीने जे नवे घर आणले, ते पूर्वीच्यांहून भव्य नव्हते. ते होते १६ फुटांचे, एकाच आसाचे ‘बॅम्बी’. डिस्नेच्या चित्रपटातील पाडसाशी या नावाचा संबंध लावला जातो, पण ते आले अंगोलाच्या भाषेतील एका लहान हरणाच्या नावावरून. अर्थात चित्रपटामुळे ते नाव अमेरिकी कुटुंबांच्या ओठावर पटकन बसले, हेही जाहिरात जाणणाऱ्या माणसाच्या ध्यानात आले असणारच. हे घर कोणत्याही साध्या मोटारीमागे जाई. दोघांना ते पुरेसे, एखादे लहान मूल सामावून घेणारे आणि पाच जणांच्या कुटुंबाला स्पष्टपणे अपुरे. बायम यांनी ज्या मापापासून सुरुवात केली होती, जवळजवळ त्याच मापाशी ते तीस वर्षांनी आले. फरक एवढाच, की आता त्यात ताठ उभे राहता येत होते आणि मेरियन यांनी मागितलेले स्वयंपाकघर होते. मेरियन यांच्याशी त्यांचा संसार मात्र त्याआधीच संपला होता. दूरच्या या प्रवासांत त्यांच्यासोबत असत त्या दुसऱ्या पत्नी स्टेला.

२२ जुलै १९६२ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, मेंदूतील अर्बुदाने बायम यांचे लॉस एंजेलिस येथे निधन झाले. जगप्रदक्षिणेचा तांडा नेण्याची त्यांची इच्छा होती. तो १९६३ मध्ये सिंगापूरहून निघाला आणि १९६४ मध्ये युरोपात पोहोचला. त्या वाटेवर भारतही होता. याच सुमारास अमेरिकेत मोटरहोमचे युग सुरू झाले होते. मिशिगनमधील रेमंड फ्रँक यांनी १९५८ च्या सुमारास आपल्या कुटुंबासाठी बांधलेल्या वाहनातून त्यांचा छोटा उद्योग उभा राहिला आणि १९६६ पासून ‘विनेबेगो’ने स्वस्त मोटरहोम बनवून ती सर्वसामान्यांपर्यंत नेली. एअरस्ट्रीमच्या नावाचे मोटरहोम आले ते १९७९ मध्ये, बायम यांच्यामागे सतरा वर्षांनी.

मधल्या काळात त्यांच्या कारखान्याच्या एका घरात सर्वांत प्रसिद्ध पाहुणे राहून गेले होते. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेले नील आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स यांना चांद्रजंतूंच्या भीतीने विलग ठेवण्यासाठी ‘नासा’ने जी बंदिस्त खोली वापरली, ती एअरस्ट्रीमचे ३५ फुटांचे घर बदलून केलेली होती. चाके काढलेली, हवा बाहेर जाऊ न देणारी. तीन अंतराळवीरांसोबत एक डॉक्टर आणि एक अभियंता, असे पाच जण काही दिवस त्यात राहिले. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन त्यांच्याशी बोलले ते तिच्या मागच्या खिडकीतून. आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात बायम यांचे जे घर दाखल झाले, ते ३५ फुटांचे नव्हे, ३० चेही नव्हे. ते आहे १९६३ साली बनलेले १६ फुटांचे बॅम्बी.